तळघराचं अंदाजपत्रक

शालिकराम खेरडे यांनी अकोल्यात घर बांधलं तेव्हा तळघर काढायचं त्यांच्या मनातही नव्हतं. प्लॉट काळ्या मातीचा. मुरूम लागेपर्यंत खणावं लागेल, असं तेव्हाचा मिस्त्री म्हणाला आणि मुरूम काही केल्या लागेना. लागला तोवर एवढा खड्डा झाला होता की तो बुजवायला किती ट्रॉल्या भर लागेल याचा हिशेब करून शालिकरामांनी तो बुजवलाच नाही. चारी बाजूंनी भिंती उचलल्या, वर स्लॅब टाकला आणि उरलेल्या चिंचोळ्या जागेत एक वळणाचा जिना बसवला. पैसे वाचले ते वाचले, वर तळघर फुकटात मिळालं, असं ते पुढं येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत राहिले.

त्या फुकटच्या तळघरात हळूहळू गंजका कूलर, मोडक्या खुर्च्या आणि रिकामी पोती जाऊन बसली.

शालिकराम सरकारी कचेरीत अंदाजपत्रकांच्या टेबलावरून निवृत्त झाले. नाले, बंधारे, पाझर तलाव. प्रत्यक्ष बांधकाम पाहायला ते सहसा गेले नाहीत, पण कागदावर त्यांनी निम्मा जिल्हा बांधून काढला होता. घरातही तोच खाक्या. मुलीच्या, रागिणीच्या लग्नाचं त्यांनी अंदाजपत्रक केलं, त्यात शेवटी ‘आकस्मिक खर्च’ म्हणून रक्कम धरली. ती वरात मांडवात यायच्या आधीच बँडवाल्यानं संपवली. तरी त्यांची श्रद्धा ढळली नाही. चूक बँडवाल्याची होती, अंदाजपत्रकाची नव्हती.

यंदाच्या मे महिन्यात अकोला असं तापलं की कूलरमधून वाफा यायला लागल्या. जुन्या कूलरचा पंप शोधायला शालिकराम तळघरात उतरले आणि पोत्यांच्या ढिगाजवळ उभे राहिले. खाली गार होतं. ते पंप विसरले. वर आले ते टेप घेऊन पुन्हा खाली गेले.

संध्याकाळपर्यंत कागद तयार होता. तळघराची बैठकीची खोली करायची. फरशा, रंग, छताला पीओपी, पंखा, नवा कूलर, आकस्मिक खर्च. सगळं मिळून दोन लाखांच्या आत. त्यांच्या बायकोनं, पार्बताबाईंनी कागद पाहिला. त्या भातकुलीकडच्या, भाजीपाल्याच्या मळ्यात वाढलेल्या. मेथीची जुडी हातात घेऊन वजन सांगणाऱ्या. खाली हवा कुठून येणार, एवढंच त्यांनी विचारलं. शालिकराम म्हणाले, हवा फुकट असते, ती अंदाजपत्रकात धरत नाहीत.

खर्च आणखी कमी करायचा म्हणून त्यांनी सामान आधीच स्वस्तात जमवायला घेतलं. अकोटला एक जुना बंगला पाडत होते, तिथं त्यांना एक सागवानी दिवान सापडला. लांबरुंद, चारही पाय कोरीव, पाठीला मोर. पाव किमतीत मिळाला. दिवान टेम्पोतून उतरला तेव्हा अंगणातली सावली त्यानंच व्यापली.

रागिणी अमरावतीहून सुटीला आली होती. जिना मोजला का, असं तिनं विचारलं. खोली मोजली होती, दिवान मोजला होता, दिवान खोलीत अगदी ऐटीत बसत होता. जिन्याचं नाव मात्र कागदावर नव्हतं.

कामाला बोलावलेला पिंटू मिस्त्री आणि टेम्पोवाला वरून दिवान सोडणार आणि शालिकराम खालून दिशा सांगणार, असं ठरलं. पहिल्या काही पायऱ्या झकास गेल्या. वळणावर मोर भिंतीला टेकला. शालिकराम म्हणाले, डावीकडं. त्यांची डावी ती वरच्यांची उजवी. दोघांनी जोर लावला, लाकूड कुरकुरलं आणि दिवान असा बसला की ना वर सरके, ना खाली. टेम्पोवाल्यानं दोन हिसके दिले आणि भाडं घेऊन तो निघून गेला.

अडचण एवढीच होती, की शालिकराम खाली होते.

सुरुवातीला त्यांना काही वाटलं नाही. वर सगळे घामानं निथळत होते, ते गारव्यात होते. पोत्यावर बसून त्यांनी पिंटूला सूचना द्यायला सुरुवात केली. पिंटूनं तेलानं, पहारीनं सगळं करून पाहिलं आणि शेवटी सांगितलं की करवत लावल्याशिवाय इलाज नाही.

“दिवानाले करवत लावाची नाई,” खालून आवाज आला. “सागवान हाय ते.”

“मंग तुमी बाहीर कसे येता?” पार्बताबाईंनी विचारलं.

दिवानाच्या पायांमधल्या फटीतून पार्बताबाईंनी भाकरी आणि मिरचीचा ठेचा सरकवला. पाण्याच्या बाटलीमागून पन्ह्याचा गडवाही आला, तो मोराला अडखळून अर्धा सांडला. शालिकराम जेवले आणि पोती अंथरून आडवे झाले. नेमके तेव्हाच लाईट गेले.

तळघर किती अंधारं असतं हे त्यांना त्या दिवशी कळलं. एवढ्या वर्षांत ते दिवा लावून उतरायचे आणि मालवून वर यायचे. मधला काळ त्यांनी कधी काढलाच नव्हता. थोड्या वेळानं गारवा ओलसर झाला, मग चिकट झाला. शर्ट पाठीला डकला. त्यांनी हवेसाठी तोंड वर केलं. वर, अंगणाच्या जमिनीलगत एक वीतभर झरोका होता, तोही जाळ्यांनी भरलेला. उभं राहून त्यांनी हात उंचावला, तर बोटं स्लॅबला लागली. म्हणजे पीओपी आणि पंखा लावला तर खाली माणसानं वाकूनच फिरायला हवं. कूलर लावला तर ही खोली पाण्याची टाकी होईल. पंखा गेला, पीओपी गेलं, कूलर गेला. शालिकरामांनी मनातल्या मनात एकेक ओळ खोडली आणि कागदावर फरशा, रंग आणि आकस्मिक खर्च उरला.

“रागिणीची माय,” त्यांनी झरोक्याला तोंड लावून हाक मारली. आवाज बराच नरम होता. “अवं, इथं हवा नाई येऊन राहिली.”

पार्बताबाई झरोक्याजवळच्या मोगऱ्याच्या वाफ्याशी येऊन बसल्या. हवा फुकट असते, हे त्या म्हणाल्या नाहीत, याचं शालिकरामांना पुढं बरेच दिवस आश्चर्य वाटत होतं. पार्बताबाईंनी झरोक्यातून आत पाहिलं, नवऱ्याचा घामेजलेला चेहरा पाहिला आणि पिंटूला हाक मारली. करवत ठेव, घण आण, म्हणाल्या. झरोक्याची भिंत पाड.

शालिकरामांनी विचारलं की त्याला खर्च किती येईल. पार्बताबाई म्हणाल्या, “तुमी मांगं सरका.”

पिंटूनं आधी अंगणातली माती उतरती खणली आणि मग घण उचलला. विटा पडल्या, धुरळा उडाला आणि तळघरात दुपारचं पिवळं ऊन लांबलचक पसरलं. त्या मागोमाग वारा आला. तो गरमच होता, पण वारा होता. शालिकराम डोक्यावर चुना आणि मिशीला जाळं घेऊन भोकातून बाहेर निघाले, तेव्हा मोगऱ्यापलीकडे शेजारच्या ज्योत्स्नाबाई कुरडया वाळत घालता घालता थांबल्या होत्या. शालिकरामांनी त्यांना नमस्कार केला, आणखी काय करणार?

त्याच संध्याकाळी ते भोक बुजवायचं अंदाजपत्रक करायला बसले. पार्बताबाईंनी पेन काढून घेतला. बुजवायचं नाही, तिथं दार करायचं, खाली जायला रुंद पायऱ्या करायच्या आणि पावसाचं पाणी आत येऊ नये म्हणून उंच उंबरा घालायचा, असं त्यांनी पिंटूला परस्पर सांगूनही टाकलं होतं. शालिकरामांनी प्रथमच वाद घातला नाही. खाली पोत्यावर बसून आलेला माणूस होता तो.

दार रुंद झालं. मग पिंटूनं खालून रेटून दिवान जिन्यातून वर काढला आणि अंगणातून फिरवून नव्या दारानं आत नेला. मोराची चोच तेवढी गेली. फरशा राहूनच गेल्या, रंगाच्या जागी चुना झाला. पैसे दार, पायऱ्या आणि उंबऱ्यात संपले. त्यानंतर दुपारचं जेवण झालं की पार्बताबाई, ज्योत्स्नाबाई आणि गल्लीतल्या चार-पाच जणी खाली शेवया करायला बसू लागल्या. दिवानावर परातीच पराती. शालिकरामांना दाराशेजारची खुर्ची मिळाली. तिथं वारा बरा येत असे.

एकदा ज्योत्स्नाबाईंच्या यजमानांनी दारातून डोकावून विचारलं, की भाऊ, झकास झालं, पण एकंदर लागले किती?

शालिकरामांनी तोंड उघडलं. आयुष्यात पहिल्यांदा त्यांच्याकडं आकडा नव्हता. आतून शेवयांच्या पाटावरून पार्बताबाईंनी मान वर केली.

“काम अजून चालू हाय,” शालिकराम म्हणाले.