झोनेलूआत्याला माणूस दाखवा

आमच्या झोनेलूआत्याला चर्चच्या मंडळीनं कामाला लावलं ते तिच्या अज्ञानासाठी. मी कुचेष्टा करत नाही हो, वेखोयी मास्तरांनी भर सभेत हेच कारण सांगितलं. दुसरी कुणी असती तर रुसून बसली असती. आत्या नळावर येईल त्या बाईला थांबवून सांगायची, "माझ्याइतकं काहीच ठाऊक नसलेली बाई अख्ख्या डोंगरात सापडली नाही त्यांना!"

त्याचं असं झालं. बायबल आमच्या बोलीत आणायचं काम वेखोयी मास्तरांनी अंगावर घेतलं होतं. मास्तर म्हणजे हायस्कूलचे निवृत्त हेडमास्तर, मंडळीत पाळकांच्या खालोखाल मान, आणि बोलणं असं की समोरचा आपोआप हात मागे बांधून उभा राहतो. या कामाची एक रीत असते. उतारा तयार झाला की तो गावातल्या कुणाला तरी वाचून दाखवायचा, आणि त्यानं तो शेजारणीला सांगावा तसा आपल्या शब्दांत परत सांगायचा. सांगताना गाडी भलतीकडे गेली तर भाषांतर फसलं, मास्तरांनी पुन्हा बसावं. फक्त ऐकणारा कोरा हवा. आणि तिथंच घोडं पेंड खात होतं, कारण शेजारच्या बोलीतलं बायबल आमच्या गावाला तोंडपाठ. मलाही बसवून पाहिलं. मी दुसऱ्याच ओळीला पाळकांचं गेल्या वर्षीचं प्रवचन घडाघडा म्हणून दाखवलं, आणि चहा करायच्या कामावर माझी बदली झाली.

आत्या तेवढी कोरी निघाली. रविवारी ती चर्चला जायची, नाही असं नाही, पण मागच्या चुलीकडे. मंडळीचं जेवण असो नसो, तिला तिथं काहीतरी ढवळायला सापडायचंच. उभ्या जन्मात तिनं मनापासून ऐकलं ते फक्त 'आमेन', कारण त्यानंतर भात वाढायचा असतो.

तिची सांगायची तऱ्हाही न्यारी. डोळ्यांसमोर माणूस दिसल्याशिवाय तिच्या तोंडून गोष्ट निघायची नाही. "हा कुणासारखा? मला माणूस दाखवा," हे तिचं पालुपद. घर सोडून गेलेला आणि पस्तावून परत आलेला तो मुलगा, बापानं त्याला गळ्याशी धरलं, सगळं तिनं डोळे पुसत ऐकलं आणि विचारलं, "पण याची आई कुठं होती तेव्हा?" एलिकुट्टीबाईंना हसता हसता चष्मा काढावा लागला. या एलिकुट्टीबाई केरळच्या, काम तपासायला मधून मधून यायच्या. आमची बोली त्यांना येत नव्हती, म्हणून आत्याचं बोलणं इंग्रजीत सांगायला आमचे हे बसायचे. हे चर्चचे कारकून. आत्यानं शिवी घातली की हे नुसते खोकायचे.

वाचून दाखवायचं काम केविसेचं. केविसे आत्याचा भाचा. त्याची आई बाळंतपणातच गेली, तेव्हा आत्यानं त्याला पाठीशी बांधून भात लावला, पाठीशी बांधून डुकरं पोसली. आता तो मंडळीचं गाणं बसवतो. त्यानं सूर लावला की पेंगणारे म्हातारेसुद्धा डोळे उघडतात. गावाच्या टोकाला त्याचं घर आहे, आणि त्या घरात त्याच्याबरोबर नुझोता राहतो. नुझोता नदीपलीकडचा, सुतार. मी लग्न होऊन या गावात आले तेव्हाही दोघं तिथंच राहत होते. एक चूल, एक शेत, एक कुत्रा. गावाला काय कळत नव्हतं? सगळं कळत होतं. पण झाकली मूठ सव्वा लाखाची. आमच्या बोलीत त्या गोष्टीला नावच नव्हतं, मग कुणी तोंडावर आणायचं म्हटलं तरी कसं आणणार? आत्या तर नुझोताचं नावही घ्यायची नाही. "तो सुतार फार खातो बाई," एवढंच म्हणायची.

आणि मास्तरांनी नाव तयार केलं.

बायबलातल्या, करिंथच्या मंडळीला लिहिलेल्या पत्रात, देवाच्या राज्यात कुणाकुणाला थारा नाही ते सांगितलेलं आहे. तिथं एका जागी मास्तरांनी घातलं, 'पुरुष असून पुरुषाबरोबर संसार मांडणारी गलिच्छ माणसं'. उतारा पास झाला की ईस्टरला तो व्यासपीठावरून वाचायचा, आणि मग गाणाऱ्यांची निवड नव्यानं करायची, असंही त्यांनी पाळकांच्या कानावर घालून ठेवलं होतं.

तपासणीच्या आदल्या दिवशी केविसे माझ्याकडे आला. मी अंगणात बांबूचे कोंब चिरत होते. तो समोर बसला आणि न सांगता कोंब सोलायला लागला.

"वहिनी, उद्या दुसऱ्या कुणाला वाचायला बसवता येईल का?"

"का रे? घसा बसलाय?"

"ते मी वाचायचं, आणि आत्याला मीच विचारायचं, काय समजलं सांग. ती सांगेल ते दादा इंग्रजीत सांगणार, आणि ते पक्कं होणार." त्यानं सोललेला कोंब पुन्हा सोलला. "गाणं गेलं तर जाऊ दे, वहिनी. पण आत्याला काय ठाऊक आहे, हेच मला आजवर ठाऊक नाही. उद्या तिनं माझ्याकडे बघून तोंड फिरवलं, तर मी जायचं कुठं?"

मास्तरांचा असा संताप आला की कोंबाऐवजी बोट कापून घेतलं.

दुसऱ्या दिवशी सगळे चर्चच्या बाजूच्या खोलीत बसले. आत्या ठेवणीतली शाल पांघरून आली होती, कारण एलिकुट्टीबाई आल्या होत्या आणि त्या फोनमध्ये फोटो काढतात. केविसे वाचू लागला. एकेक पाप आलं की आत्या हात वर करायची, तो थांबायचा, आणि ती माणूस शोधायची. सगळे मेलेले. जिवंत माणसाचं नाव घेऊन त्याला डाग लावला आणि पंचांपुढे तो सिद्ध करता आला नाही, तर आमच्यात एक डुक्कर दंड पडतो, आणि डुकराच्या बाबतीत आत्या फार सावध.

मूर्तिपूजक म्हटल्यावर तिला तिचा गेलेला दीर आठवला. "पहाटे उठून आधी जीप पुसायचा, तिच्याशी बोलायचा. बायकोशी बोललेला कुणी ऐकला नाही." व्यभिचारी म्हटल्यावर मेहुणा. "देव त्याला शांती देवो. आमच्या बहिणीला त्यानं काही दिली नाही." आमच्या ह्यांनी तेही इंग्रजीत सांगितलं आणि बाई खाली मान घालून हसल्या.

मग केविसेनं ते वाचलं. गाण्याचा क्रमांक सांगावा तशा सपाट आवाजात.

आत्यानं हात वर केला. "कळलं नाही. परत वाच."

त्यानं परत वाचलं.

"परत."

मला वाटलं, उठून हिच्या झिंज्या धराव्यात. म्हातारी बहिरी झालीय की दुष्ट? केविसेच्या कपाळावर घाम फुटला होता. तरी त्यानं वाचलं.

"असं कुणी मला दिसत नाही," आत्या म्हणाली. "मेलेल्यांत नाही, जिवंतांत नाही. मास्तर, माणूस दाखवा."

"आत्या, जरा समजून घ्या. शब्द सोपे आहेत."

"शब्द सोपेच आहेत हो, माणूस सापडत नाही. दाखवा की!"

मास्तरांचा पारा चढला. बाईंसमोर भाषांतर अडलं म्हणजे त्यांचं नाक कापल्यासारखं. "उगाच वेड पांघरून पेडगावला जाऊ नका! गावातलं शेंबडं पोर सांगेल. हा काय, तुमच्यासमोर बसलाय! हा आणि तो सुतार!"

मी चहाचा ट्रे खाली ठेवला. आमचे हे इंग्रजीत काहीच सांगेनात. केविसे कागदाकडे बघत होता, आणि कागद ओला होत होता.

"हं," आत्या म्हणाली. "दिसला. पुढे वाच."

"आत्या, अगं..."

"वाच रे बाळा, चहा निवतोय."

त्यानं वाचलं, कसं वाचलं त्याचं त्याला ठाऊक. चोर आले, लोभी आले, दारुडे आले. दारुड्यांपाशी आत्यानं माणूस शोधला नाही, "हा आमच्या घरातलाच" म्हणून पुढे सोडलं. मग दुसऱ्याची बदनामी करणारे आले, तेव्हा तिनं शाल सावरली आणि बोट सरळ मास्तरांवर रोखलं. "हा जिवंत आहे, पण नाव घेते. साक्षीदार इथंच बसलेत."

मास्तर काही बोलायच्या आत तिनं गोष्ट सांगायला घेतली. "चोरानं नेलं, ज्याचं गेलं तो रडला. मेहुण्यानं बाहेर तोंड मारलं, माझी बहीण रडली. नवरा पिऊन यायचा, तेव्हा मी रडले, घरातली भांडीसुद्धा रडली. आता या केविसेपायी कोण रडलं, ते मी शोधतेय. मनातल्या मनात त्याच्या घरात जाऊन आले, शेतात जाऊन आले. त्या सुताराचं तोंड आठवून पाहिलं. तोही रडत नाही, नुसता खातो. मास्तर, कोण रडलं ते सांगा, मी लगेच गोष्टीत घालते."

"देव रडतो!" मास्तर ओरडले.

"तुम्हाला सांगितलं होय त्यानं? मला काल कोबीच्या वाफ्यात भेटला, काही बोलला नाही." मग ती केविसेकडे वळली. "इथं रडणारं मला एकच दिसतंय, आणि ते माझं पोर आहे. माझ्या पाठीवर वाढलेलं. त्याला कुणी रडवलं ते मी बघितलं. बाईंना सांगा, असला उतारा मला परत सांगता येत नाही."

या वेळी आमचे हे खोकले नाहीत. शब्दन् शब्द इंग्रजीत सांगितला, कोबीच्या वाफ्यासकट. मला त्या दिवशी ह्यांचा अभिमान वाटला, आणि तो एरवी फारसा वाटत नाही.

एलिकुट्टीबाईंनी एकेका शब्दाचा अर्थ ह्यांना विचारला. मूळ ग्रीक शब्दाचा नेमका अर्थ काय, यावर मोठमोठे पंडित अजून भांडताहेत, असं त्या म्हणाल्या. "पण मास्तर, हे 'गलिच्छ' कुठून आलं? मूळ पत्रात तर नाही." मास्तरांनी टोपी काढली आणि पुन्हा घातली. तो शब्द त्यांनी आपल्या घरूनच आणला होता. उतारा अडला, आणि खरं सांगते, अजून अडलेलाच आहे. मास्तर नवीन शब्द घेऊन येतात, आत्या म्हणते माणूस दाखवा, आणि आता कुणी दाखवत नाही. ईस्टरचं गाणंही केविसेनंच बसवलं.

पण आत्या एवढ्यावर थांबते कसली! ती पंचांकडे निघाली. केविसे तिच्या पाया पडायचा बाकी राहिला. "आत्या, नको ना. झाकलेलं झाकलेलं राहू दे."

"मास्तरांनी उघडलंय," ती म्हणाली. "आता उघड्यावरच भांडू."

पंचांपुढे मास्तर तयारीनं आले होते. "मी काय खोटं बोललो? दोघं एका घरात संसार करतात की नाही?"

"करतात," आत्या म्हणाली.

पंचांतल्या सगळ्यात म्हाताऱ्यानं कानातलं यंत्र नीट बसवलं.

"मी कुठं नाही म्हणतेय? करतात, आणि तुमच्या-माझ्यापेक्षा बरा करतात. त्याचा दंड मला नको. गलिच्छ म्हणालात, त्याचा हवाय. कोणती घाण बघितलीत ती सांगा, आणि शपथ घ्या."

आमच्याकडे शपथ म्हणजे पोरखेळ नाही, ती अख्ख्या घराण्याच्या जिवावर घ्यावी लागते. मास्तरांनी मागे वळून बायकोकडे पाहिलं. ती तिथल्या तिथं म्हणाली, "घ्या की शपथ. पण माझी पोरं वगळून घ्या, आणि उद्यापासून आपली चूल वेगळी मांडा." मास्तरांनी डुक्कर दिलं.

ते आत्याच्या अंगणात कापलं. आमच्या गावात मांसाचा वाटा म्हणजे नातं. तोंडानं कुणी बोलत नाही. कुणाच्या घरी कोणता तुकडा गेला, त्यावरून गाव ओळखतं. मान पाळकांना, बरगड्या भाऊबंदांना, आणि मागचा अख्खा पाय जावयाच्या घरी. आत्याला पोटची पोर नाही, त्यामुळे तो पाय तिच्या अंगणातून आजवर कुठं गेलाच नव्हता. वाटे घ्यायला अर्धं गाव जमलं होतं, मास्तरांची बायकोसुद्धा भांडं घेऊन आली होती. नुझोता सगळ्यांच्या मागे सुरे धूत बसला होता.

आत्यानं पाय उचलायला घेतला, तो तिला पेलवेना. "नुझोता," ती म्हणाली. तिच्या तोंडून हे नाव मी पहिल्यांदाच ऐकलं. "इकडे ये. जावयाचा वाटा आहे, घेऊन जा. आता या वयात सासूनं घरी आणून द्यायचा का?"

नुझोता उठला, पण त्याचं पाऊल पुढे पडेना. शेवटी केविसेच गर्दीतून वाट काढत आला आणि आत्यासमोर उभा राहिला.

"आत्या, तुला ठाऊक होतं?"

"मी प्रवचन ऐकत नाही," आत्या म्हणाली, "पण आंधळी नाही. उचला आता, माशा बसतील."

मास्तरांनी डुक्कर चांगलंच पोसलं होतं, पाय एकट्याला उचलण्यासारखा नव्हता. दोघांनी तो दोन्ही बाजूंनी धरला, आणि नेहमीची मागची पायवाट सोडून, गावाच्या मधल्या रस्त्यानं, चर्चसमोरून, घरी नेला.