माझे गार हात आणि राणी माशाचे गोळे

सर्व संबंधितांस अत्यंत गांभीर्याने कळविण्यात येते की, प्रस्तुत लेखकाने माशाच्या लगद्यात कोपरापर्यंत हात घातले होते, दर बुधवारी अजूनही घालतो, आणि ते गोळे खाऊन आजवर कोणीही दगावलेले नाही.

माझी थोरली बहीण चिंचणीला असते. सगळा जन्म मासळी विकण्यात गेला, आता गुडघे गेले आहेत. बोईसरच्या एका हॉटेलातल्या आचाऱ्याने तिला सांगितलं, माशाचे गोळे करून द्या, पण दाताखाली दबून परत उसळले पाहिजेत. जमलं तर डोक्यावर टोपली घेऊन दारोदार फिरणं बंद. ताईने तिथल्या तिथे हो म्हटलं.

राणी मासा साफ करायचा, काटे काढून वाटायचा, तो लगदा बर्फाच्या पाण्यात तीनदा धुवायचा, फडक्यातून पिळायचा, मग मीठ घालून चिकट होईस्तोवर मळायचा. पहिल्या दोन खेपांचे गोळे उकडल्यावर भिजलेल्या भुशासारखे सुटले. आचाऱ्याने ते न चाखताच परत पाठवले. मळताना लगदा तापला की असंच होतं, असा वर निरोप. मिक्सर तापत होता आणि ताईचे हातही. आयुष्यभर चुलीपुढेही राबलेले हात ते.

मग तिची नजर माझ्याकडे वळली. माझे हात भर मे महिन्यातही गार असतात. लहानपणी मी कुणाच्या मानेला बोट लावलं की भावंडं किंचाळत पळायची.

"ये रे, तुजे हात एकदाचे कामाला लागू देत," ताई म्हणाली.

मी मासे खातो, चवीने खातो. पण तो लगदा! मीठ पडताच त्याला जीव आल्यासारखा तो बोटं धरायचा, नखांत शिरायचा, मनगटावर चढायचा. ओढला की शेंबडासारखी तार सुटायची. मधूनच बर्फाचा खडा हाताला लागे, मला तो माशाचा डोळाच वाटे. मी तोंड फिरवून मळत होतो, आणि ताई कौतुकाने म्हणत होती, कसा गं बाई लोण्यासारखा झालाय.

उकडलेल्या गोळ्यांचा डबा घेऊन आम्ही दोघं हॉटेलात गेलो. आचाऱ्याने गोळ्याची चकती कापली, दुमडली, पुन्हा दुमडली. चीर नाही. मग एक गोळा तोंडात टाकला, दोनदा चावला आणि थांबला. घरच्या मालाला एवढी उसळी येत नाही, म्हणाला. यात कसली तरी पावडर आहे, आणि पावडरीचा माल मी घेत नाही. डबा त्याने ताईकडे सरकवला.

ताईला तिची टोपलीच दिसली असावी डोळ्यांपुढे. घास अजून त्याच्या गालातच होता, आणि ती भरल्या हॉटेलात बोलून गेली,

"पावडर कसली, बाबा? माज्या भावाचे हात मढ्यासारखे गार हायत, तेच घातलेत त्यात!"