ताईचे गाल

माझ्या ताईने तीस वर्षं गाद्या भरल्या. कापसात गाठ लागली की ती अंगठ्याने चोळून मोडायची. पन्नाशीत मालकाने तिला पुढे, गिऱ्हाइकांसमोर बसवायचं ठरवलं. "फक्त गाल बसलेत तुमचे," म्हणाला, आणि स्वतःच्या मेहुणीच्या पार्लरमध्ये धाडलं. मेहुणीने गाल भरायला फिलरची इंजेक्शनं टोचली. आठवड्याभरात दोन्ही गालांत गाठी आल्या आणि मेहुणी फोन उचलेनाशी झाली.

मग ताईने तिला येत होतं तेच केलं. रोज आरशासमोर बसून अंगठ्याने गाठी चोळल्या. गाल लालबुंद सुजले, तेव्हा मीच तिला ओढत डॉक्टरांकडे नेलं.

"चोळायचं नव्हतं हो," डॉक्टर म्हणाले. "आता सूज उतरू दे, मग औषधाने गाठी विरघळवू."

मालकाने तिला पुन्हा मागच्या खोलीत, कापसात बसवलं. वर मलाच ऐकवतो, "या वयात कशाला नसते नाद?" त्याला मी काय बोलले ते लिहिण्यासारखं नाही.

काल एक बाई गादी चाचपत मागे आल्या. "गाठी नाहीत ना हिच्यात?"

ताईने तोंडावरचा रुमाल सारखा केला. "गादीत गाठ निघाली, तर मालक बदलून देतात."