नूतनीकरणाचं काम चालू आहे

करमाडला आम्ही ज्या खोलीत राहतो, तिच्या दारातून घरमालकीणबाईंच्या मुलाचं हॉटेल दिसतं. हॉटेल म्हणजे जालना रोडवरचं चहा-नाश्त्याचं, चार बाकांचं. मागच्या वर्षी त्यानं ते मोडून नवं करायला काढलं आणि पुढं पाटी लावली: ‘नूतनीकरणाचे काम चालू आहे.’ ती पाटी माझ्या तोंडात बसली आणि तिथून थेट चर्चमध्ये गेली, त्याची ही गोष्ट.

मी नवापूरकडची. घरात आम्ही मावची बोलायचो. मराठी मला शाळेत भेटली आणि शाळा सातवीत सुटली. शाळा सोड असं कुणीच म्हटलं नाही. आई आजारी होती, धाकटी भावंडं होती, काही दिवस मी शाळेत गेले नाही, आणि मग परत जायची लाज वाटायला लागली. लग्नानंतर नवऱ्याला शेंद्र्याच्या कंपनीत काम मिळालं, मलाही पॅकिंगला घेतलं. देवानं हाताला काम दिलं, डोक्यावर पत्रा दिला, याचे उपकार मी रोज मानते. पण मन माझं भित्रं ते भित्रंच. कामावर निघाले की गॅस बंद केला का म्हणून अर्ध्या रस्त्यातून परत यायचे. गावाकडून आईचा फोन आला नाही की माझ्या डोळ्यांपुढं नको नको ते यायचं. प्रार्थनेत सगळ्या काळज्या देवापुढं ठेवायच्या आणि आमेन म्हटलं की त्याच पिशवीत भरून पुन्हा घरी आणायच्या, अशी माझी रीत.

घरमालकीणबाईंना मी मावशी म्हणते. शेतीवाल्या घरातल्या, कपाळाला ठसठशीत कुंकू, आवाज रस्त्यापलीकडं जाणारा. आम्ही नवे आलो तेव्हा मला ताप आला होता. त्यांनी न विचारता ज्वारीची पातळ कण्हेरी आणून दिली आणि मी ती पिईपर्यंत समोर बसून राहिल्या. तेव्हापासून माझं घर दोन ठिकाणी आहे. पत्र्याच्या भिंतीतून माझी प्रार्थना त्यांना ऐकू जायची. एकदा मला म्हणाल्या, “काय गं पोरी, तुझा येशू ऐकतो का नाय?”

“ऐकतो की, मावशी.”

“मग एकच गोष्ट किती डाव सांगतीस त्याला? कान किटले असतील त्याचे.”

मी हसले, पण ते वाक्य मनात रुतून बसलं.

रविवारी आम्ही बसनं शहरात चर्चला जायचो. क्रांती चौकात उतरून पुढं रिक्षा. तिथली आमची मंडळी मोठी नाही, पण जुनी आहे. शिकलेली माणसं, शिक्षक, नर्सबाई, ऑफिसातून निवृत्त झालेले. मी मागच्या बाकावर बसायचे. बायबलमधला त्या दिवसाचा उतारा, म्हणजे शास्त्रपाठ, वाचला जायचा तेव्हा वाचणाऱ्याच्या मागोमाग माझेही ओठ हलायचे. हे पाळकीणबाईंनी, म्हणजे आमचे धर्मगुरू पाळकसाहेब यांच्या पत्नीनं, कधी टिपलं, कोण जाणे. उपासना सुटल्यावर त्यांनी मला दारात गाठलं.

“पुढच्या रविवारचा शास्त्रपाठ तू वाचशील?”

“नाही जमायचं मला, बाई. माझं शिक्षण...”

“शिक्षण विचारलं का मी? वाचशील का, ते विचारलं.”

खरं सांगायचं तर मला वाचायचं होतं. लहानपणापासून वाचायचं होतं. गावच्या चर्चमध्ये शिकलेली मुलं वाचायची आणि मी चटईवर बसून त्यांच्या तोंडाकडं बघायचे. देवाचं वचन एकदा माझ्या तोंडून सगळ्यांनी ऐकावं, ही इच्छा मी नवऱ्यालाही कधी बोलले नव्हते. मी हो म्हटलं. आणि मनाशी ठरवलं, चुकलं तर पुन्हा त्या जागी उभं राहायचं नाही. कधीच नाही.

उतारा रोमच्या मंडळीला लिहिलेल्या पत्रातला होता. या जगाच्या साच्यात बसू नका, मन नवं झालं म्हणजे माणूस बदलतो, अशा अर्थाचा. त्यात ‘नवीकरण’ हा शब्द होता. आठवडाभर पोळ्या लाटताना तो उतारा म्हणायचे. पॅकिंगला खोक्यांवर पट्टी मारतानाही. पण त्याच आठवड्यात हॉटेलची फरशी उखडली होती. धूळ आमच्या पिठाच्या डब्यापर्यंत यायची आणि मावशी दिवसभर मुलाच्या नावानं ओरडत असायच्या, “कधी संपायचं रं तुझं हे नूतनीकरण? लई झालं आता! नूतनीकरण नूतनीकरण करून घराचा उकिरडा केला!”

रविवारी मी पुढं जाऊन उभी राहिले. समोर सगळी डोकी. पहिल्या ओळी नीट गेल्या. मग तो शब्द आला आणि मी खणखणीत आवाजात वाचलं, “आपल्या मनाच्या नूतनीकरणाने...”

कुणीतरी खुदकन हसलं. मग हसू बाकावरून बाकावर गेलं. मोठं नव्हतं, दाबलेलंच होतं. मी पुढचं कसं वाचलं ते आठवत नाही. बाहेर चपला घालत होते तर एक काका जवळ आले. निवृत्त माणूस, सगळी नोकरी वाहनांचे परवाने करून देण्यात गेलेली. म्हणाले, “सलाम, ताई. ते मनाचं नूतनीकरण कोणत्या खिडकीवर करतात हो? जुना परवाना सोबत आणायचा का?”

आजूबाजूचे हसले. मीही ओठ ताणले. बसमध्ये मात्र पदरात तोंड घालून रडले. नवरा म्हणाला, “अगं, गंमत केली त्यांनी.” मला ते कळत होतं. पण डोक्यात जुनाच आवाज चालू होता, शाळा सोडल्यापासूनचा: तुला नाही जमायचं, तू मागंच बस.

घरी आले तर मावशी ओट्यावर शेंगा फोडत बसल्या होत्या. माझे डोळे बघून म्हणाल्या, “कोण मेलं?”

मी सगळं सांगितलं. ऐकता ऐकता त्यांच्या तोंडातला शेंगदाणा घशात अडकला. खोकला थांबल्यावर हसायला लागल्या ते डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. “अगं बया! माझ्या पोराचं हाटेल थेट तुमच्या देवाच्या घरी नेलंस तू!”

“हसू नका, मावशी. मी आता कधी वाचणार नाय.”

“का?”

“चुकलं ना.”

मावशींनी रस्त्याकडं हात केला. हॉटेलची पुढची भिंत नव्हतीच, आत सिमेंटच्या गोण्या, आणि बाजूच्या खिडकीतून त्यांचा मुलगा ट्रकवाल्याला चहा देत होता. “बघ तिकडं. दुकान बंद केलंय का त्यानं? पाटी लावली, काम चाललंय, आन् चहा बी चाललाय. त्यो म्हणतो, हाटेल पुरं झाल्यावरच गिऱ्हाईक घेतो म्हटलं तर खायचं काय? तुला एकदम पुरं होऊनच उभं राहायचंय व्हय?”

मी शेंगा फोडायला बसले. पण त्या दिवसापासून कामावर जाताना ती पाटी दिसली की मला वेगळंच वाटायला लागलं. मला वाटायचं, प्रभूला दिलं म्हणजे मन एका झटक्यात नवं व्हायला हवं होतं. भीती गेली नाही, म्हणजे माझ्याच विश्वासात खोट. आता वाटायला लागलं, भिंत पडलेली आहे, धूळ उडते आहे, म्हणजे काम बंद पडलंय असं नाही. उलट काम चाललंय म्हणून तर धूळ आहे. गॅस बंद केला का, हा विचार आला की मी थांबून म्हणायचे, “प्रभू, हे पुन्हा आलं बघ.” आणि परत न फिरता पुढं चालायचे. कधी जमायचं, कधी परत यायचेच.

वर्षातून एकदा उपासना बायका चालवतात तो महिला रविवार आला तेव्हा पाळकीणबाईंनी पुन्हा विचारलं. मी नाही म्हणाले. त्या नुसता माझा हात धरून उभ्या राहिल्या. हात सुटेना. शेवटी मीच म्हटलं, “चुकेल, बाई.”

“चुकू दे.”

घरी सांगितलं तर मावशी म्हणाल्या, “मी येते. माझ्या हाटेलाची जाहिरात पुन्हा करतीस का बघायला.”

मला वाटलं, चेष्टा. पण रविवारी त्या ठेवणीतलं लुगडं नेसून बसस्टँडवर आमच्या आधी हजर. चर्चच्या दारात थबकल्या. “चपला कुठं काढायच्या गं? आन् घंटा नाय व्हय वाजवायला?” मी म्हटलं, “घंटा वर आहे, मावशी, ती आपण नाय वाजवायची.” डोक्यावर पदर घेऊन त्या मागच्या बाकावर, माझ्याच जागेवर बसल्या. शेजारी ते परवान्यावाले काका. त्यांनी सरकून जागा करून दिली.

मी पुढं गेले. या वेळचा उतारा असा होता, की बाहेरून माणूस झिजत असला तरी आतून नवा होत जातो. पुस्तक स्टँडवर टेकवलं तरी अक्षरं हलत होती. आणि मग एक लांबलचक शब्द आला. घरी कितीदा तरी नीट म्हटला होता, भिंतीपलीकडं मावशींनाही पाठ होईल इतक्यांदा.

“दिवसा...” मी म्हटलं. “दिवसानु...”

पुढं काहीच येईना. डोक्यातला जुना आवाज तयारच बसला होता. मी मान वर केली. दारापर्यंतची वाट रिकामी दिसत होती, सरळ चालत गेले असते तर कुणी अडवलं नसतं.

आणि मागून, रस्त्यापलीकडं जाणाऱ्या त्या आवाजात, “अगं, रोज रोज! रोज रोज म्हण की!”

सगळं चर्च हसलं. दाबून नाही, मोकळं. पाळकसाहेबसुद्धा. काका तर मांडीवर थाप मारून हसत होते. आणि मला कळायच्या आत मीही हसत होते, त्या जागी उभी राहून, पुस्तकावर हात ठेवून. मावशींना वाटलं आपलं काही चुकलं, त्यांनी पदर तोंडावर ओढून घेतला. मी त्यांच्याकडं बघून म्हटलं, “व्हय मावशी, रोज रोज,” आणि खाली बघून सावकाश वाचलं, “दिवसानुदिवस.” मग पुढचं. मग शेवटपर्यंत.

बाहेर आल्यावर काका मावशींना म्हणाले, “बाई, तुम्ही आमचा शास्त्रपाठ सोपा केलात.” मावशी म्हणाल्या, “करमाडला या कधी, चहा प्यायला. काम चालू हाय, पण खिडकीतून देतो आम्ही.”

बसमध्ये त्या माझ्या खांद्यावर डोकं टेकून झोपल्या. करमाड जवळ आलं तसा माझ्या मनात गॅस आला. बंद केला होता का? मी हलले असते तर त्यांची झोप मोडली असती. म्हटलं, “प्रभू, हे पुन्हा आलं बघ.” आणि बसून राहिले.