वाढ पंधरा दिवस मागे

मागच्या मंगळवारी मनीषाला घेऊन डहाणूला सोनोग्राफीला गेलो होतो. आमचं पहिलं बाळ, सातवा महिना सरत आलेला... बाहेर बाकावर बसून मी परतताना मोसंबी घ्यावी की डाळिंब, एवढाच विचार करत होतो.

मग आत बोलावलं. डॉक्टर मॅडम रिपोर्ट बघत म्हणाल्या, "तारखेच्या मानाने बाळाची वाढ दोन आठवडे मागे दिसतेय. शेवटच्या पाळीची तारीख नक्की आहे ना?"

"नक्की, मॅडम," मी म्हणालो. सुरुवातीची सोनोग्राफी राहूनच गेली होती. भाताच्या आवणीच्या दिवसांत मनीषा माहेरी होती, तलासरीच्या आतल्या गावात, तिथून येणं जमलंच नाही. त्यामुळे सगळा हिशेब त्या एका तारखेवर होता आणि ती तारीख मीच सांगितली होती.

"मग पंधरा दिवसांनी पुन्हा बघू. वाढ अशीच मागे राहिली तर बाळंतपण आधी करावं लागेल. वलसाडच्या मोठ्या दवाखान्यात न्यायची तयारी ठेवा." त्या अगदी शांतपणे बोलल्या... पण त्यापुढचं मला काही ऐकू आलं नाही. मोसंबी राहिली आणि डाळिंबंही राहिली.

मी फुग्यांच्या कारखान्यात छपाई तपासतो. 'हॅपी बर्थडे'मधलं एखादं अक्षर फाटलं की तो फुगा बाजूला. बारावीत शिक्षण सुटलं, पण समोर आलेलं अक्षर न अक्षर वाचायची सवय काही सुटली नाही. त्या आठवड्यात मोबाईलवर मी दुसरं काही वाचलंच नाही. पोटातल्या बाळाचं काय कधी तयार होतं, एवढंच.

हृदय दुसऱ्या महिन्यातच धडधडू लागतं. मग हात, पाय, बोटं... मूत्रपिंडं काम करायला लागली की बाळ पोटातल्या पाण्यातच लघवी करतं आणि तेच पाणी गिळतं. एरवी हे वाचून हसलो असतो. पुढे कान ऐकू लागतात, आणि फुफ्फुसं मात्र सगळ्यांच्या मागून तयार होतात.

फुफ्फुसांपाशी मी अडकलो. त्यांच्यातल्या बारीक पिशव्या आतून एकमेकींना चिकटू नयेत म्हणून एक पातळ थर लागतो. तो पुरेसा व्हायला शेवटचे दोन महिने लागतात. आमच्याकडे फुग्यांना आतून पावडर लावतात ती याचसाठी. ज्याला ती नीट लागली नाही तो फुगा चिकटून बसतो, कितीही फुंका... असे फुगे मी रोज बाजूला टाकतो. त्या आठवड्यात मला त्यांच्याकडे बघवेना.

घरी आलो की पहिला प्रश्न, "लाथ मारली का?" मनीषा शेवटी वैतागली. "अहो, झोपू द्या त्याला जरा. कारखान्यात तपासता तेवढं पुरे. बाळाची छपाई पूर्ण झाली की मीच आणून दाखवीन."

रविवारी तलासरीहून सासूबाई आल्या. मनीषाने त्यांना काही सांगितलं नव्हतं, पण मला राहवेना. वाढ मागे आहे, वलसाडला जावं लागेल, सगळं सांगून टाकलं. त्यांनी विचारलं, "पण तारीख कुठली दिली तुम्ही?"

"चैत्री पौर्णिमा. महालक्ष्मीच्या जत्रेला तिला अडचण आली होती ना, देवळात जाता आलं नाही, ती."

"पौर्णिमेला?" सासूबाई मनीषाकडे बघायला लागल्या. "पौर्णिमेला तर ही काकाच्या घरी हळदीत नाचत होती. मी स्वतः हाताला धरून बसवली हिला. अडचण आली ती जत्रेत."

"तेच म्हणतोय, आई. जत्रा पौर्णिमेला."

"ती तुमची, जावईबुवा. आम्ही उठत्या जत्रेला जातो, अगदी शेवटच्या दिवशी. गर्दी नसते आणि बांगड्यावाला भाव पाडून देतो. आम्ही सगळे दर्शनाला गेलो, ही चपला राखत बसली."

जत्रा पंधरा दिवस चालते हे मला काय माहीत नाही? लहानपणापासून बघतोय. पण आमच्या घरी जत्रा म्हणजे पहिला दिवस, पौर्णिमेचं दर्शन. ती माहेरी असताना दुसऱ्या कुठल्या दिवशी गेली असेल, हे डोक्यातच आलं नाही.

मनीषाला विचारलं, "मग तू तेव्हाच का नाही बोललीस?"

"नाव नोंदवताना सिस्टरने मला विचारलं, मी जत्रा म्हटलं. तुम्ही लगेच मोबाईलमध्ये बघून तारीख सांगितलीत. मला वाटलं, मोबाईलला माहीत असेल."

सोमवारी सुट्टी टाकून पुन्हा डहाणू गाठलं. मॅडमनी नवी तारीख घेतली, सगळी मापं तिच्याशी ताडून पाहिली. मग चष्मा काढून माझ्याकडे बघत म्हणाल्या, "बाळ वेळेवर आहे. तुम्हीच पंधरा दिवस पुढे होतात."

मनीषा खुदकन हसली. मीही हसलो... पण मॅडम पुढे म्हणाल्या, "हे आत्ता कळलं ते बरं झालं. जुन्या तारखेवर जाऊन लवकर बाळंतपण केलं असतं, तर बाळ आपल्याला वाटलं त्याहून कच्चं निघालं असतं." त्यानंतर मला बराच वेळ हसता आलं नाही. आठवडाभर मी बाळात काय कमी आहे ते शोधत होतो, आणि ते तर आपल्या वेळेने एकेक गोष्ट पूर्ण करत होतं.

ज्यांच्याकडे बाळ येणार आहे त्यांना एकच सांगतो. तारीख तिला विचारली असेल तर उत्तर तिलाच देऊ द्या. तिला आठवायला वेळ लागला तरी थांबा.

सासूबाई फेसबुकवर नाहीत, तरी त्यांचे आभार इथेच मानतो. काळजी काही संपलेली नाही, अजून बरेच दिवस जायचेत... पण बाळाच्या वाट्याचे पंधरा दिवस आता कोणी काढून घेणार नाही.