दिरांच्या फोनातली पोरगी

माझी पोरगी वर्गात पहिली यायची आणि मी घरात सांगायचे, पास झाली. हा खोटेपणा मी वर्षानुवर्षं नेटानं चालवला आणि त्याची मला आजही लाज वाटत नाही. निकालाच्या दिवशी बाकीच्या बाया गल्लीत पेढे वाटत फिरायच्या. मी प्रगतिपुस्तक पदराखाली घालून आणायचे, नवऱ्याची सही घ्यायचे आणि पेटीत साड्यांच्या खाली सारून द्यायचे. नवरा सही करताना वरचे आकडे बघायचा नाही. त्याचा तेवढा एक गुण मला उपयोगी पडला.

कारण त्याच वर्गात माझा पुतण्या होता, मोठ्या दिरांचा एकुलता एक. आमचं गाव आष्टीच्या अलीकडे, आणि गावातली शाळा सातवीपर्यंत. आठवीला परतूरला एसटीनं जावं लागतं. पुतण्यानं परतूरला शिकायचं हे तो रांगत होता तेव्हाच ठरलं होतं. पोरीचं आमच्या घरात कुणी ठरवत नसे, पोरीचं आपोआप राहून जायचं. पण पुतण्या भित्रा. गोठ्यातल्या म्हशीला घाबरणारं लेकरू, त्याला एकट्याला एसटीत बसवायला जाऊबाईंचा जीव धजावला नसता. त्याला सोबत लागणार होती. सोबत म्हणून माझी पोरगी गेली असती. त्याचं दप्तर धरलं असतं, त्याला जागा पकडून दिली असती, त्याचा गृहपाठ उरकून दिला असता, आणि या सगळ्यात स्वतःही दहावीपर्यंत पोचली असती. एकच गोष्ट सांभाळायची होती. ती त्याच्या पुढं आहे, हे घरात दिसता कामा नये.

सातवीत ते दोघं गेले आणि शाळेत ॲप आलं.

शाळेच्या मैदानात मांडव घातला होता. संस्थेचे अध्यक्ष बोलले, मग छत्रपती संभाजीनगरहून आलेला एक चुणचुणीत तरुण बोलला. तो म्हणाला, आता हजेरी, गृहपाठ, चाचणीचे गुण, वर्गातली वागणूक, सगळं क्लाउडवर साठवलं जाणार आणि रोज संध्याकाळी पालकांच्या फोनवर दिसणार. चांगलं केलं की हिरवा तारा, उशीर झाला की पिवळा, चुकलं की लाल. चाचणी पोरं टॅबवर देणार आणि गुण परस्पर चढणार. शाळा आणि पालक यांच्यामध्ये आता कुणीच राहणार नाही, असं सांगून त्यानं टाळ्या घेतल्या. मध्ये मी होते. पण मांडवात बायकांच्या बाजूला मागं बसलेल्या माणसाला कोण विचारतं.

नंबर घ्यायला लागले तेव्हा आमच्या घरातून दोन्ही लेकरांसाठी दिरांचा नंबर गेला. यात कुणाला काही वावगं वाटलं नाही. आमच्याकडे गॅस असो, वीज असो, पीकविमा असो, नंबर द्यायचा तो घरातल्या कर्त्याचा. पोरीचा बाप चार हात लांब उभा होता आणि पालक म्हणून तिच्या चुलत्याचं नाव चढत होतं, तरी तो तंबाखू मळत राहिला. ॲपला आमच्या घरातलं नातं कळायला काही मार्ग नव्हता. एका नंबरावर दोन लेकरं म्हणजे सख्खी भावंडं, असं धरून त्यानं दोघांना एकाच पडद्यावर शेजारी शेजारी बसवलं. डावीकडे पुतण्या, उजवीकडे माझी पोरगी.

दिरांना मोठ्यानं वाचायची सवय. पेपर मोठ्यानं, खताच्या गोणीवरचं मोठ्यानं. पहिल्या संध्याकाळी ते ओसरीवर बसले, चष्मा लावला आणि वाचायला लागले. पुतण्याला एक लाल, एक पिवळा. पोरीला सगळे हिरवे. दीर हसले, म्हणाले, शाळावाल्यांची काहीतरी गडबड झाली असंल. दुसऱ्या दिवशीही तसंच. आठवडाभर तसंच. मग ते पुतण्याचं मनात आणि पोरीचं मोठ्यानं वाचायला लागले, आणि वाचून झालं की पुतण्याच्या पाठीत बुक्की बसायची. मी स्वयंपाकघरात भाकरी थापताना ऐकायचे. मार त्या लेकराला बसत होता, पण त्याचं मोल माझ्या पोरीला भरायचं होतं, हे मला तेव्हाच कळलं.

जाऊबाई चौथीपर्यंत शिकलेल्या. पण घरात ते ॲप सगळ्यात आधी बरोबर कळलं ते त्यांना. उशीर झाला की पिवळा पडतो, एवढं त्यांनी ऐकून ठेवलं आणि दुसऱ्या दिवसापासून पोरीला शाळेच्या वेळेवर कामं निघायला लागली. गोठा झाड. म्हशीला पाणी दाखव. शेजारून विरजण आण. पोरगी शेणाचे हात धुऊन, वेणी अर्धवट घालून पळत सुटायची. संध्याकाळी दीर वाचायचे, आणि पिवळा आला की त्यांचा आवाज मोकळा व्हायचा. मला ऐकू जावं म्हणून ते मान स्वयंपाकघराकडे वळवून वाचायचे. चाचणीच्या दिवशी तर तिला कापूस वेचायला नेलं. वेचणीला बाई मिळत नाही म्हणाल्या. त्या दिवशी लाल आला आणि आमच्या घरात दिवाळीसारखा आनंद झाला. जाऊबाईंनी भजी तळली. मला पण वाढली. मी खाल्ली, काय करणार.

पोरीला यातलं काय काय कळत होतं, मला माहीत नाही. ती पहाटे माझ्याही आधी उठायला लागली. गोठा अंधारातच झाडून ठेवायची. जाऊबाई नवीन काम काढेपर्यंत ही गल्लीच्या टोकाला. हुकलेली चाचणी तिनं शाळेतल्या बाईंच्या पाया पडून मधल्या सुट्टीत दिली आणि पुन्हा सगळे हिरवे. मला तिचा अभिमान वाटायचा आणि त्याच दमात तिच्या कानाखाली वाजवावीशी वाटायची. एवढी हुशारी कशाला दाखवतेस मेले, असं ओठांवर यायचं.

शेवटी मी शाळेत गेले. वर्गशिक्षिका जालन्याची, नवीन लागलेली, टापटीप. मी त्यांना म्हणाले, माझ्या पोरीचे तारे जरा कमी करा. त्यांना वाटलं मी चुकून उलटं बोलले. मी पुन्हा सांगितलं. दोन दिवसांतून एखादा लाल टाकत जा, पुतण्याला एखादा हिरवा द्या, तुमचं काय जातंय. बाई हसल्या, मग माझं तोंड बघून हसायच्या थांबल्या.

"ताई, चाचणीचे तारे मी देतच नाही. ते सिस्टीम देते," त्या म्हणाल्या.

मग मी म्हणाले, निदान पोरीचं माझ्या फोनवर येऊ द्या, दिरांच्या नको. ते होतं म्हणाल्या. माझा नंबर त्यांनी घातलासुद्धा. मग म्हणाल्या, आता आधीच्या पालकांच्या फोनवर एक आकडा येईल, तो त्यांनी सांगितला की झालं. दिरांना जाऊन तो आकडा मागायचा, म्हणजे काय मागायचं हे त्या शहाण्या बाईंना मी कसं समजावणार होते. मी नमस्कार केला आणि निघाले. घरी पोचले तर दीर ओसरीवर फोन हातात धरून माझीच वाट बघत होते. आकडा आला होता.

"काय गं, आमचा भरवसा ऱ्हायला न्हाई का तुला?" एवढंच ते म्हणाले. मी डोक्यावरचा पदर सारखा केला आणि आत गेले. त्या संध्याकाळी त्यांनी काही वाचलं नाही. जेवायला मात्र मला कुणी बोलावलं नाही.

वर्ष सरलं. स्नेहसंमेलनात शाळेनं एक नवीन टूम काढली होती. ज्या लेकराला ॲपमध्ये सगळ्यात जास्त हिरवे तारे, त्याच्या पालकाचा सत्कार. लेकराचा नाही, पालकाचा, म्हणजे पालकांचा उत्साह वाढतो म्हणे. नाव पुकारलं ते दिरांचं. संगणकात तेच होते ना तिचे पालक. ते धोतर झटकत स्टेजवर गेले. शाल, श्रीफळ, टाळ्या. माईक हातात दिल्यावर त्यांनी सांगितलं की घरात शिस्त पाहिजे, घरच्या माणसांनी लक्ष घातलं पाहिजे. जाऊबाई रडल्या, आनंदानं का कशानं ते त्यांनाच ठाऊक. पुतण्या खाली मान घालून जमिनीवर काडीनं रेघोट्या ओढत होता. माझी पोरगी पहिल्या रांगेत बसून हात दुखेस्तोवर टाळ्या वाजवत होती. स्टेजवर दिलेली शाल आपली आहे हे तिला कळत होतं, आणि तेवढ्यावर ती खूश होती. मला तिची इतकी कीव आली की मी मांडवाबाहेर जाऊन उभी राहिले.

घरी आल्यावर दिरांनी शाल काढली, तिची नीट घडी घातली आणि सगळ्यांना बसवलं.

"लई नाव केलं पोरीनं. आता बास झालं," ते म्हणाले. पोरगं तिच्या बाजूला दिसलं की खाली दिसतंय, एकटं ऱ्हायलं की वर येईन, हे त्यांनी अगदी शांतपणे, ज्वारीच्या पेऱ्याबद्दल बोलावं तसं सांगितलं. परतूरला पोरगा एकटा जाईल. गावातली आणखी पोरं एसटीला असतात, त्यांच्यात बसेल. पोरीला आता घरकाम आलं पाहिजे.

मी नवऱ्याकडे बघितलं. तो शालीकडे बघत होता. "दादा म्हणतात ते बराबर हाय," तो म्हणाला. त्या क्षणी मला त्याचा जितका राग आला तितका दिरांचाही आला नाही. दीर निदान आपल्या लेकरासाठी कुणाचा तरी गळा दाबत होते. याला तर दाबणाऱ्याचे हात धरायचेही कष्ट नको होते.

इतक्या वर्षांत मी पहिल्यांदा दिरांसमोर तोंड उघडलं.

"भाऊजी, ती शाल तिच्यामुळं भेटली तुमाला."

त्यांनी वाद घातला नाही. घडी केलेली शाल माझ्या मांडीवर ठेवली.

"मंग ठेव तुझ्या पेटीत. तिच्या लग्नात कामाला येईन."

त्या पेटीत तिची सगळी प्रगतिपुस्तकं होती. मी शाल त्यांच्यावर ठेवली आणि झाकण लावलं. पोरगी दारात उभी राहून बघत होती. दुसऱ्या दिवशी सकाळी जाऊबाईंनी सांगायच्या आधी तिनं गोठा झाडला, सवयीनं, लवकर, आणि मग कुठं पळायचं नाही हे लक्षात आल्यावर झाडू धरून तशीच उभी राहिली.

जूनमध्ये पुतण्या परतूरला जायला लागला. शाळा त्याच संस्थेची, ॲप तेच, फोन दिरांचाच. आता पडद्यावर तो एकटा होता. पण एकटा राहून तो काही वर आला नाही. तारे लालच यायचे. दिरांनी आधी शिक्षकांना दोष दिला, मग एसटीला, मग बुक्क्या सुरू झाल्या. आठवीचा गृहपाठ फोनवरच यायचा आणि फोनवरच सोडवून पाठवायचा. एका संध्याकाळी जाऊबाई फोन घेऊन स्वयंपाकघरात आल्या आणि पोरीच्या हातात दिला. "एवढं करून दे गं, जल्दी," म्हणाल्या. माझ्याकडे त्यांनी बघितलं नाही.

पोरगी चुलीपाशी बसली. गणितं होती. एकदा वाचलं, दोनदा वाचलं, बोटानं पटापट लिहीत गेली. तिचा चेहरा मी कितीतरी दिवसांनी तसा बघितला. संपल्यावर माझ्याजवळ सरकून म्हणाली, "आई, आठवीचं सोपं हाय."

तेव्हापासून रोजचंच झालं. पुतण्या शाळेतून येतो, फोन येतो, ही सोडवते, ते परतूरला जातं. गृहपाठाचे तारे हिरवे व्हायला लागले. चाचणीला तो आपटतो, पण दिरांना त्याचं आता काही वाटत नाही, कारण पडद्यावर हिरवं दिसतं आणि शेजारी कुणी नसतं. ते पुन्हा मोठ्यानं वाचायला लागले आहेत.

माझं डोकं मात्र फिरलं. एक दिवस मी पोरीला जवळ घेऊन सांगितलं, रोज चूक लिही. मुद्दाम लिही. पडू दे त्यांना लाल, बसू दे बोंबलत. इतका सूड माझ्यात भरलाय हे मलाही माहीत नव्हतं.

तिनं माझ्याकडे बघितलं.

"चूक लिहिलं तर मंग माझं काय ऱ्हाईन त्याच्यात?"

मी परातीत पीठ घेतलं, तिच्यापुढं सरकवलं आणि तिनं मळायला घेतलं. तेवढ्यात ओसरीवर फोन वाजला. दिरांनी चष्मा लावला, घसा साफ केला आणि पोराचं नाव घेऊन वाचलं, गणित, हिरवा. जाऊबाई हसल्या. माझी पोरगी पिठातले हात तसेच ठेवून ऐकत होती, आणि ऐकून झाल्यावर गालातल्या गालात हसली.