जावेची टाकी
कुठं ओल्या शेवाळाचा वास आला की नाशिक रोडच्या आमच्या घरातल्या माशांच्या दोन टाक्या आठवतात. एक माझी, एक धाकट्या जावेची. माझ्या टाकीतली रोपं कुजली. तिची आठवड्याभरात तरारली आणि सासरे सकाळचा चहा घेऊन तिच्याच टाकीसमोर बसू लागले. माझा नुसता जळफळाट व्हायचा. "ताई, मासे आजच सोडू का?" तिनं विचारलं. नवं पाणी महिनाभर टाकीत तसंच मुरू द्यावं लागतं, नाहीतर मासे जगत नाहीत, हे मला ठाऊक होतं. तरी म्हणाले, "सोड की!" चौथ्या दिवशी सगळे मासे मेले. "माझ्याच हातून काहीतरी चुकलं," म्हणत तिनं रडत रडत रोपं उपटली आणि माझ्या टाकीत लावून दिली. ती छान रुजली. सासऱ्यांनी खुर्ची माझ्या टाकीकडे ओढली. मासे कशानं मेले, हे मी तिला आजवर सांगितलेलं नाही.